नऊवारी अन् परकर-पोलक्याच्या धंद्याला गटानं कर्ज किती उचलावं?

प्रश्न: सचिव_मेहकर

नमस्कार मंडळी. गाव मेहकर तालुक्यातलं, जिल्हा बुलढाणा. गट ११ बायांचा, ३० महिने झाले. बचत महिन्याला प्रत्येकी २००, म्हणजे ६६,०००. उमेदचा (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) फिरता निधी १५,००० अन् अंतर्गत कर्जाचं व्याज ९,००० धरून गंगाजळी ९०,००० होते. चौघींना शिलाई येते. दोघी शिवलेली नऊवारी पूर्ण बसवतात, दोघी झंपर अन् परकर-पोलकं करतात. घरच्या तीन पायमशिनी आहेत.

धंदा ठरला तो असा: शाळेतल्या मुलींची नऊवारी, परकर-पोलकं, अन् मागणी आली तर मोठ्या बायांची शिवलेली नऊवारी. ३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती, १२ जानेवारीला सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, शाळांचं गॅदरिंग हे सगळं दीड महिन्यात येते. तेव्हा तालुक्यात माप मिळत नाही, बाया थेट अकोल्याले जातात.

बँक पहिल्याच खेपेला ३ लाख द्यायला तयार आहे. दुसरीकडून एका मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस चौघींना प्रत्येकी ५०,००० "दोन दिवसांत" म्हणून राहिला. सदस्यांच्या वाचण्यात आलं की ग्वाटेमालात माया समाजाच्या बायांनी अशाच छोट्या कर्जावर आपल्या पारंपरिक कपड्याचा धंदा वाढवला. तिकडं जमलं तर इकडं का नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर उचलावे किती, मशीन कोणती घ्यावी, अन् हप्ता कशातून निघावा? अनुभवी लोकांनी आकड्यात सांगावं.

---

उत्तर १: हिशेबवही

ताई, बँक किती देते तो आकडा बाजूला ठेवा. तुमचा एक नग किती पैसे सोडतो तिथून सुरू करा. पाच-सहा वर्षांच्या मुलीचं परकर-पोलकं घ्या. भाव तुमच्या बाजाराचे टाका, मी हिशेबापुरते धरतो.

खण ३ मीटर, ८० रुपये मीटरनं २४०. अस्तर १ मीटर ४०. दोरा, हुक, नाडी, लेस २५. शिलाईची मजुरी १४०. वीज अन् मशीनचा घसारा १०. पिशवी ५. वाया जाणाऱ्या नगांचे २०. झाले ४८०. विकलं ६५० ला तर सुटले १७०. मजुरी आत धरलीच पाहिजे, नाहीतर १७० चे ३१० दिसतात अन् वर्षाअखेर गट विचारतो पैसे गेले कुठं.

आता ३ लाख ७ टक्क्यांनी ३६ महिन्यांत फेडायचे तर हप्ता सुमारे ९,२६० चा. १७० नं भागा, ५५ नग. म्हणजे दर महिन्याला ५५ परकर-पोलकी विकली तर नुसता हप्ता निघतो. जानेवारीत ५५ जातील. जुलैत, बाया निंदणात असताना, ५ जातील का?

म्हणून माझं मत १ लाख. त्यातले साधारण ४५,००० मशीन, टेबल, इस्त्रीला, ४०,००० कापडाला अन् १५,००० हातात. मशीनचे ४५,००० तीन वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला १,३९० येतात, नऊ नगांची गोष्ट आहे. कापडाचे पैसे मात्र हप्त्यानं फेडायचेच नाहीत. मोसमाआधी उचलायचे, माल गेला की एकरकमी परत टाकायचे, पुढच्या मोसमाला पुन्हा उचलायचे.

हे मुदत कर्जात जमत नाही, कॅश क्रेडिटमध्ये जमतं. बँकेत जाऊन तेच मागा. मंजुरी ३ लाखांची असो की जास्तीची, व्याज जेवढे उचलले तेवढ्यावरच. ५५,००० उचललेले असतील तर महिन्याचं व्याज ३२० च्या आसपास. शाखेत मुदत कर्ज देणं सोपं वाटतं म्हणून तेच पुढं करतात, पण गटांसाठी दोन्ही प्रकार आहेत. एमसीपी (गटाचा सूक्ष्म पत आराखडा) भरतानाच "कॅश क्रेडिट" लिहा अन् प्रभागसंघाच्या (गटांच्या संघाच्या) बैठकीत बँक सखीला, म्हणजे बँकेत गटांची कामं पाहणाऱ्या बाईला, सांगून ठेवा.

नियमाचं तेवढं पक्कं करून घ्या. पहिल्या खेपेला गंगाजळीच्या सहापट किंवा दीड लाख, जे जास्त असेल ते. तुमचं ९०,००० च्या सहापट म्हणजे ५ लाख ४० हजारांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून मॅनेजर ३ लाख सहज म्हणतो. ७ टक्क्यांचा दर ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला, त्यावर गेलं की दर बदलतो. १० लाखांपर्यंत तारण नाही, अन् गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवणं किंवा कर्जासाठी ठेव मागणं हेही चालत नाही. "२० हजारांची एफडी करा, मग पाहू" असं कोणी म्हटलं तर रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक दाखवा अन् उमेदच्या तालुका कक्षाला कळवा.

कॅश क्रेडिट नियमित धरलं जावं यासाठी दोन गोष्टी सांभाळा. बाकी मर्यादेच्या वर सलग ३० दिवसांहून जास्त राहू नये. अन् महिन्यात निदान एक भरणा व्हावा, तो त्या महिन्याच्या व्याजाइतका तरी असावा. जुलैत विक्री शून्य असली तरी ३२० रुपये भरायला कोणीतरी बँकेत गेलंच पाहिजे. बहुतेक गट इथंच चुकतात. पैसे असतात, पण "पुढल्या महिन्यात एकदम भरू" म्हणून राहून जातं.

---

उत्तर २: सुई_चौदा_नंबर

मशीनचं मी सांगते. ४५,००० पुरतात, पण चार मशिनी घेऊ नका. एक जड मशीन, ज्याले सगळे जुकी म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो, आणि एक तीन धाग्याची इंटरलॉक. बास. आर्ट सिल्कचे धागे कापल्या कापल्या सुटतात, इंटरलॉकशिवाय नऊवारीची आतली शिलाई दोन धुण्यांत उसवते. पिको-फॉलची मशीन आता घेऊ नका, नऊवारीले फॉल लागत नाही.

जड मशीनले क्लच मोटर नको, सर्वो मोटर मागा. क्लच मोटर मशीन थांबली तरी फिरत राहते अन् वीज खात राहते, सर्वो फक्त टीप चालू असताना फिरते. गावातल्या कमी व्होल्टेजवर काय होते ते दुकानदाराला लेखी विचारा. अन् तीन पायमशिनी विकू नका, त्यातल्या दोघींच्या पट्ट्या-शटल नीट करून ठेवा. डिसेंबरात ऐन घाईत लाइन गेली की त्याच कामी येतात.

बाकी खर्च कात्र्या, मोजपट्टी, चांगली इस्त्री अन् कटिंगच्या टेबलाचा. टेबल किमान ७ फूट लांब, ४ फूट रुंद, कमरेइतकं उंच. जमिनीवर बसून आठ मीटर साडी कापली की काठ सरकलाच समजा.

आता जिथं माल परत येतो ते.

अस्तर. सुती रुबिया असो की पॉपलिन, कापायच्या आधी साध्या पाण्यात चार-पाच तास भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, मग इस्त्री. किती आटते हे पाहायचं असेल तर ५० सेंमीचा चौकोन खडूनं नाही, दोऱ्यानं आखा, धुवून मोजा. ४८ भरला तर ४ टक्के आटलं. पोलक्याची छाती २६ असेल तर एका इंचाचा फरक पडला. वरचा खण तसाच राहतो, आतलं अस्तर आखडतं, अन् पोलकं बगलेत गोळा होतं. बाई म्हणते शिलाई वाईट, शिलाई चांगलीच असते.

खण. पन्हा लहान असतो अन् काठ लांबीत जातो, म्हणून परकराची उंची पन्ह्यात अन् घेर लांबीत काढायचा. पाच-सहा वर्षांच्या मुलीला सव्वादोन मीटर घेर पुरतो, उरलेल्या पाऊण मीटरात पोलकं बाहीसकट बसतं. बाहीला काठ हवा असेल तर आधी बाह्या कापा, पाठ-पोट मग. उलटं केलं की काठ संपतो.

मुलींची नऊवारी. साडीचा पन्हा ४४-४५ इंच. दोन्ही काठ सारख्या रुंदीचे असतील तर पन्हा मधोमध उभा फाडा, २२ इंचाच्या दोन पट्ट्या निघतात, प्रत्येकीला एक काठ. नेफा अन् माया (शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) जाऊन २० इंच उंची मिळते, म्हणजे अंगणवाडीतल्या मुलींची दोन मापं एका सहावारीत. त्याहून मोठ्या मुलीला हे जमत नाही, तिथं एका साडीत एकच माप धरा. काठ लहान-मोठे असतील तर हा नाद सोडा, दोन मुली शेजारी उभ्या राहिल्या की लगेच दिसते.

मोठ्यांची नऊवारी. नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंमी, पण बाजारातली साडी पहिले मोजा, काही आठलाच संपतात. पदरासाठी सव्वादोन मीटर आधी बाजूला खूण करून ठेवायचे, उरलेल्यात निऱ्या, ओचा अन् काष्टा. माप पाच घ्या: कंबर, सीट, मांडी, कमरेपासून घोट्यापर्यंत उंची अन् आसन. आसन उभं राहून नाही, पाटावर बसवून घ्यायचं, पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत, अन् त्यात ३ इंच वाढवायचे. शिवलेल्या नऊवारीच्या दहातल्या सात तक्रारी या एका मापाच्या असतात. बाई हळदीकुंकवाले खाली बसली की काष्टा ओढतो, मागचा नेफा उतरतो, काठ वाकडा दिसतो. नंतर दुरुस्ती म्हणजे आसनात चौकोनी कळी घालणे, अन् ती लपत नाही.

गिऱ्हाइकाची स्वतःची साडी असेल तर पहिल्या पाच-सहा नगांना मांजरपाटावर नमुना शिवून अंगावर घालून पाहा. पैठणी चुकीची कापली तर तिची किंमत गटाच्या माथी. कापण्याआधी साडीची लांबी, डाग, फाटका भाग पावतीवर लिहून सही घ्या.

अन् कमरेत दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया सोडा. माया बायांचं पुढं कोणी सांगेल, पण ही माया पहिली.

सुई: आर्ट सिल्कले ११, सुती खणाले १४, काठाचे थर जाड असतील तिथं १६. जड मशीनची अन् पायमशिनीची सुई वेगळी येते, एका डबीत ठेवू नका. आठ तास चालली की बदला. बोथट सुईनं जरीचे ओढे पडतात अन् ते इस्त्रीनं जात नाहीत. टीप इंचाला १० ते १२. कापड टिपेवर गोळा झालं तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा, मशीनवाल्याले लगेच बोलावू नका.

---

उत्तर ३: करवतकाठी

ग्वाटेमालाचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातला एक मुद्दा नेहमी सुटतो.

तिकडच्या बायकांचा मुख्य कपडा तीन भागांचा: वर वीपील, खाली गुंडाळायचं कोर्ते अन् कमरेला फाहा म्हणजे पट्टा. वीपील कमरमागावर विणतात. हा माग म्हणजे काही काठ्या अन् दोर. एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरं टोक विणणारीच्या कमरेमागच्या पट्ट्याला, ताण तिच्या अंगानं द्यायचा. मशीन नाही, वीज नाही, जवळपास भांडवलच नाही. म्हणून त्या धंद्यात कर्ज जातं ते सुतात. किरकोळीनं थोडं थोडं सूत महाग पडतं, एकदम घेतलं तर स्वस्त. शिवाय सूत व्यापाऱ्यानं दिलं तर कापडही त्यालाच मजुरीवर द्यावं लागतं, स्वतःचं सूत असलं की विकायला मोकळीक. आपल्याकडं भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणकरांना हे नव्यानं सांगायला नको. तार व्यापाऱ्याची असेल तर करवतकाठी (करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी) कितीही सुरेख उतरली तरी हातात मजुरीच.

कोर्तेचं कापड बहुतेक पायमागावर होतं, सालकाहा अन् तोतोनिकापानकडे, धागा बांधून रंगवून. आपल्या इकतसारखंच तंत्र.

दुसरं, भारी वीपील विणायला महिना, कधी अनेक महिने जातात. तेवढा वेळ सुताचे पैसे मागावर अडकलेले. मग गटाच्या बैठकीतला हप्ता येतो कुठून? बहुधा दुसऱ्या कमाईतून: छोटं दुकान, कोंबड्या, बाजारात विकलेलं खाणं. तिथल्या 'फ्रेंडशिप ब्रिज'सारख्या संस्था बायांच्या गटालाच कर्ज देतात अन् त्याच्या जोडीनं शिक्षणाचे धडेही देतात. म्हणजे नुसते पैसे टाकले अन् धंदा वाढला असं तिथंही कोणी धरत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या कामाची. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात किचे, काक्चिकेल वगैरे समाजांतल्या बऱ्याच बाया वीपील रोज घालतात, नक्षीवरून गाव ओळखू येतं. गिऱ्हाईक शेजारचीच बाई, चिचिकास्तेनांगोच्या गुरुवार-रविवारच्या बाजारातले पर्यटक वरचे. आपल्याकडं रोज लुगडं नेसणारी पिढी थकली. तुमची नऊवारी सणाचा अन् कार्यक्रमाचा कपडा आहे, वर्षातून दोन-तीनदा अंगावर चढणारा. तेव्हा त्यांच्या हिशेबानं विक्री धरू नका.

आणि नकलेचं संकट दोन्हीकडे सारखं. तिकडं यंत्रावर छापलेली वीपील स्वस्तात येतात. विणकर बायांनी २०१६ पासून आपल्या नक्षीच्या हक्कासाठी कायदा मागितला आहे. इकडं तयार नऊवारी ऑनलाइन चारशेला येते. ती अंगावर बसत नाही हेच तुमचं भांडवल, म्हणून आसनाच्या मापाचं वरचं उत्तर दोनदा वाचा.

एक भर: हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो अन् सहकाऱ्यांनी मायक्रोफायनान्सवर मोठा अभ्यास केला. त्यात ठळक फायदा दिसला तो आधीपासून धंदा चालू असलेल्यांना. नवीन सुरू केलेले धंदे बहुतेक लहानच राहिले. तुमच्या चौघी आधीच शिवतात, ही जमेची बाजू.

---

उत्तर ४: नागपुरी_ठोक

वरच्या हिशेबाशी मी सहमत नाही. पूर्ण ३ लाख उचला. पहिली खेप मोठी फेडली की पुढची मोठी मिळते, अन् नागपूरच्या गांधीबागेत, ठोक कापडबाजारात, ताक्यानं घेतलं तर मीटरमागं दहा-पंधरा रुपये वाचतात.

हिशेबवही: भाऊ, पुढची खेप मोठी मिळते ती वेळेवर फेडल्यानं, जास्त उचलल्यानं नाही. दुसऱ्या खेपेला गंगाजळीच्या आठपट किंवा ३ लाख, असा नियमच आहे. अन् मीटरमागं १० वाचवायला ५०० मीटर खण भरला तर ५,००० वाचले, पण ३५,००० दोन मोसम फळीवर. रंगाची फॅशन गेली की ते ५,००० पण गेले.

नागपुरी_ठोक: ठीक, फॅशनचं मान्य. मग निदान खरेदीचं ऐका. मेहकरहून नागपूर लांब पडतं, अकोला किंवा अमरावतीची ठोक मार्केटं पाहा. कटपीस किलोवर घेऊ नका, स्वस्त दिसते पण परकराला सलग सव्वादोन मीटर निघतच नाही. एका मापाचा परकर अन् पोलकं एकाच ताक्यातून कापा, दुसऱ्या ताक्याचा मरून रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सारखा दिसते अन् उन्हात वेगळा. ताका घेतला की दुकानातच उलगडून मोजा, मधात जोड असतो. पांढरा रुमाल ओला करून लाल काठावर पन्नासदा घासा. रंग आला तर तो ताका मोतिया रंगाच्या कापडाशी कधी जोडू नका, पहिल्या धुण्यात सगळं गुलाबी.

---

सचिव_मेहकर

सगळ्यांचे आभार. म्हणजे मंजुरी मोठी असली तरी उचल १ लाख, कॅश क्रेडिट. दोन गोष्टी अजून. चौघींपैकी दोघी म्हणून राहिल्या की बँकेला महिनाभर लागेल, तोवर मायक्रोफायनान्सचे ५०-५० हजार घेऊ अन् बँकेचे आले की तिकडचे फेडू. अन् शाळांना माल उधारीवर द्यावा लागतो, त्याचं काय करावं?

---

उत्तर ५: सुई_चौदा_नंबर

उधारीचं आधी. शाळेला विकूच नका, भाड्यानं द्या. गॅदरिंगचा कपडा मुलगी एक दिवस घालते, आईला ६५० जड जातात, १५० जात नाहीत. २४ नग भाड्याचे ठेवा. ३ जानेवारी, १२ जानेवारी, गॅदरिंग अन् १९ फेब्रुवारी असा एक नग चारदा गेला तर ६०० झाले अन् नग तुमच्याकडंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तिथंही वेशभूषेला मागणी असते. अनामत ३०० रोख, कपडा आला की परत. प्रत्येक नगाच्या नेफ्यात आतून नंबर शिवा, वहीत तोच नंबर. भाड्याच्या नगाला नाडी अन् दोन जागी हुक द्या, इलास्टिक नको, दहा धुण्यांत ढिलं पडते. मापं चार ठेवा अन् प्रमाण १:२:२:१, म्हणजे २४ नगांत लहान ४, मधली ८ अन् ८, मोठी ४. सगळे गट मधलं माप कमी अन् लहान जास्त शिवतात, कारण लहानाला कापड कमी लागते.

मोठ्यांच्या नऊवारीला अर्धे पैसे माप घेतानाच. तेवढ्यात तुमचं सामान निघते.

काम कधी सुरू करायचं हेही बोला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची सोंगणी अन् मग कापसाची वेचणी, चौघीही वावरात. म्हणून कापड सप्टेंबरात आणा, कटिंग दिवाळीआधी उरकून गठ्ठे बांधून ठेवा, शिलाई संध्याकाळी होते. २० डिसेंबरला सगळे नग हुकासकट तयार पाहिजेत.

---

उत्तर ६: हिशेबवही

मायक्रोफायनान्सचं "तोवर" कधी महिन्याचं राहत नाही. आकडे पाहा. ५०,००० दोन वर्षांसाठी घटत्या बाकीवर २४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २,६४४, एकूण व्याज १३,४५० च्या घरात. तेच ७ टक्क्यांनी हप्ता २,२३९, व्याज ३,७०० च्या थोडं वर. वरून प्रोसेसिंग फी अन् विमा आधीच कापून हातात ५०,००० पेक्षा कमी येतात.

तो माणूस "फक्त १२ टक्के" म्हणत असेल तर विचारा, सपाट (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर) की घटत्या बाकीवर? १ लाख दोन वर्षांसाठी सपाट १२ टक्क्यांनी म्हणजे व्याज २४,०००. घटत्या बाकीच्या भाषेत तो दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो.

तरीही कोणी घेतलंच तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम माहीत असू द्या. घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर ते मायक्रोफायनान्स कर्ज, त्याला तारण नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. एकूण दर, फी, विमा सगळं लिहिलेला तक्ता सही घेण्याआधी, समजेल अशा भाषेत द्यावाच लागतो. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी अन् संध्याकाळी ६ नंतर त्रास द्यायचा नाही.

महिना काढायचाच असेल तर गंगाजळीतून काढा. ९०,००० पैकी सध्या सदस्यांकडं किती बाहेर आहेत ते वहीत पाहा. ३०,००० शिल्लक निघाले तरी पहिल्या ६० नगांचं कापड येते: खण, अस्तर, दोरा मिळून नगाला ३०५, म्हणजे १८,३००. शेकडा दोननं घेतले तरी ते व्याज गटातच राहते. मशिनी बँकेचे पैसे आल्यावर.

शिवाय जिल्ह्यात पीएम विश्वकर्मात (कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत) दर्जी म्हणून नोंदणी चालू आहे का ते सीएससीत, म्हणजे गावच्या ऑनलाइन सेवा केंद्रात, विचारा. मिळाली तर अवजारासाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर येते अन् १ लाखापर्यंतचं पहिलं कर्ज ५ टक्क्यांनी. एका घरातून एकालाच, अन् ते वैयक्तिक असते, गटाचं नाही. दोघींची व्हाउचरं आली तर इंटरलॉक अन् इस्त्री कर्जाबाहेर निघते.

आता जे कोणी विचारलं नाही ते. गट ११ चा, शिवणाऱ्या ४. बँकेच्या कर्जाला अकराही जणी बांधील आहेत. म्हणून पैसे उचलायच्या आधी बैठकीत ठराव लिहा: धंदा गटाचा की चौघींचा. चौघींचा असेल तर गटानं त्यांना अंतर्गत कर्ज द्यायचं, मशीन त्यांची, नफा त्यांचा, हप्ता चुकला तर काय तेही लिहायचं. गटाचा असेल तर शिवणारीला नगावर मजुरी, काज-हुक, तुरपाई करणारीला वेगळी, बाजारात जाणारीला गाडीभाडं अन् दिवसाचा रोज, हे सगळं काढून उरलेला नफा अकराजणीत. तुरपाईचा दर आधी ठरत नाही अन् भांडण नेमकं त्यावरूनच होतं. परकराच्या खालच्या घेराची तुरपाई सव्वादोन मीटर, एका बाईला पाऊण तास. तो पाऊण तास कोणत्या सदराखाली लिहायचा ते पहिल्या बैठकीत ठरवा.

---

सचिव_मेहकर

तुरपाईचा दर खरंच कोणी धरला नव्हता. १४० मजुरीतले किती द्यावे?

सुई_चौदा_नंबर: कटिंग ३०, शिलाई ७५, तुरपाई-हुक २५, इस्त्री अन् घडी १०. बिघडलेला नग ज्या हातून बिघडला त्याच हातानं उसवून परत करायचा, त्याची वेगळी मजुरी नाही. फक्त कटिंग चुकलं असेल तर शिवणारीला भुर्दंड लावू नका.